इंटरप्ट रोखण्याची किंमत

दापोडीच्या एस.टी. कार्यशाळेत टाटा किंवा अशोक लेलँडची उघडी चासी येते आणि बस होऊन बाहेर पडते. महामंडळाच्या मध्यवर्ती कार्यशाळा तीन: दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा. सांगाडा, पत्रा, बाकं, खिडक्या, रंग हे सगळं इथे चढतं. एकेकाळी चासीतली वीज म्हणजे दिवे, हॉर्न, वायपर आणि स्टार्टर एवढंच होतं. आता इंजिनाला वेगळा संगणक असतो, ब्रेकला वेगळा. अवजड वाहनांना २०१५पासून एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं, आणि तेव्हापासून बसच्या ब्रेकमध्ये हवेच्या दाबाइतकंच सॉफ्टवेअरही काम करतं.

हे सॉफ्टवेअर कुणाला दिसत नाही. त्याच्या अगदी तळाशी एक प्रश्न आहे, जो बसच्या ब्रेकलाही पडतो आणि बँकेच्या सर्व्हरलाही: प्रोसेसर एखादं नाजूक काम करत असताना बाहेरून येणाऱ्या हाका किती वेळ रोखून धरायच्या? या हाकांना इंटरप्ट म्हणतात. नाजूक कामाभोवती जे कुंपण घालतात त्याला लॉक म्हणतात. दोन्हींचा मेळ घालणं हे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातलं, म्हणजे कर्नलमधलं, सगळ्यात जोखमीचं काम आहे असं माझं मत आहे. गंमत म्हणजे यातल्या बहुतेक सुधारणांचा सारा वाद एकाच गोष्टीवर येऊन ठेपतो: सरासरी वेळ सुधारायचा, की सगळ्यात वाईट वेळ?

बसच्या चाकापासून सुरुवात करू. चाकाच्या हबवर एक दातेरी कडं बसवलेलं असतं आणि त्याच्यासमोर, जेमतेम फट ठेवून, बोटाएवढा सेन्सर. दात समोरून गेला की सेन्सरमधून एक ठोका निघतो. ट्रक-बसच्या कड्यावर बऱ्याचदा १०० दात असतात. चाकाचा घेर सव्वातीन-साडेतीन मीटर धरला, तर ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला साधारण पाच वेळा फिरतं, म्हणजे एका चाकाचे सेकंदाला ५०० ठोके. चार सेन्सर असतील तर २,०००. एबीएसचा संगणक दोन ठोक्यांमधलं अंतर मोजतो आणि त्यावरून चाकाचा वेग काढतो. बस स्वतः जितक्या झपाट्याने मंदावू शकते, त्याहून कितीतरी झपाट्याने एखादं चाक मंदावलं, तर ते जाम व्हायला लागलंय असा अर्थ होतो. मग त्या चाकाच्या ब्रेक चेंबरमधली हवा क्षणभर सोडायची, पुन्हा भरायची, पुन्हा सोडायची.

ठोका आला की प्रोसेसर हातातलं काम आहे तिथे ठेवतो, आपली स्थिती जपून ठेवतो, त्या ठोक्यासाठी नेमलेला छोटा कोड चालवतो आणि परत मूळ कामाला लागतो. या छोट्या कोडला हँडलर म्हणतात. ही युक्ती १९५०च्या दशकातली. डच शास्त्रज्ञ एड्सखर डायक्स्ट्रा यांनी एक्स-१ नावाच्या संगणकासाठी इंटरप्ट हाताळणारा कोड लिहिला आणि १९५९ सालचा त्यांचा डॉक्टरेटचा प्रबंध त्याच विषयावर होता. इंटरप्ट कुठल्या दोन सूचनांच्या मध्ये येईल हे सांगता येत नाही. म्हणून त्यातून होणारी चूक एकदा दिसते आणि पुन्हा करून दाखवा म्हटलं तर दिसत नाही. ही अडचण तेव्हा होती, आजही आहे.

ती चूक कशी होते ते अगदी जवळून पाहू. समजा ठोक्याची वेळ एका मोठ्या आकड्यात साठवली आहे आणि प्रोसेसर लहान आहे, म्हणून तो आकडा दोन तुकड्यांत वाचतो: आधी वरचा, मग खालचा. आकडा आहे ४९९. मुख्य कोडने वरचा तुकडा वाचला: ४. नेमका तेव्हाच ठोका आला. हँडलरने आकडा ५०० केला आणि निघून गेला. मुख्य कोड परत आला, त्याने खालचा तुकडा वाचला: ००. त्याच्या हातात पडले ४००. हा आकडा ना आधीचा, ना नंतरचा. तो कधी अस्तित्वातच नव्हता. आणि ब्रेकची हवा सोडायची की नाही, हे याच आकड्यावरून ठरणार आहे.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे वाचण्याआधी इंटरप्ट बंद करायचे आणि वाचून झालं की चालू करायचे. दोन सूचनांचं काम. काम अचूक होतं. फक्त त्या वेळात आलेला ठोका बाहेर उभा राहतो, आणि किंमत तोच मोजतो.

किती मोजतो, याचा हिशोब करून पाहण्यासारखा आहे. ताशी ६०ला दोन ठोक्यांमध्ये २ मिलिसेकंद. कुठल्या तरी दुसऱ्याच कामासाठी इंटरप्ट १०० मायक्रोसेकंद बंद राहिले आणि हँडलर तेवढा उशिरा चालला, तर अंतराच्या मोजणीत ५ टक्क्यांची चूक झाली. ५ टक्के म्हणजे ताशी ३ किलोमीटर. वेगात एवढा फरक २ मिलिसेकंदांत झाला असं संगणकाला वाटलं, तर त्याच्या लेखी चाक गुरुत्वीय त्वरणाच्या चाळीस पटींहून जास्त जोराने मंदावलं. प्रत्यक्षात काहीच झालेलं नाही. चाक मजेत फिरतंय. सेकंदाचा दहाहजारावा भाग एवढा उशीर, आणि त्यातून उभं राहिलेलं हे खोटं चित्र.

दुसराही तोटा आहे. बहुतेक प्रोसेसरमध्ये ‘या सेन्सरचा ठोका येऊन थांबलाय’ हे लक्षात ठेवायला एकच बिट असतो. बंद काळात दोन ठोके आले, तरी चालू झाल्यावर एकच दिसतो. दुसरा कायमचा गेला.

अर्थात खऱ्या एबीएसमध्ये एकाच दातावर कुणी निर्णय घेत नाही. अनेक दातांची सरासरी काढतात. आणि खरी मोठी सुधारणा हार्डवेअरमध्ये झाली. दात समोरून गेल्या क्षणी टायमरचं घड्याळ हार्डवेअर स्वतःच टिपून ठेवतं. हँडलर नंतर सावकाश आला तरी वेळ बरोबर असते. इंजिनाच्या संगणकाला तर याशिवाय पर्यायच नव्हता. क्रँकशाफ्टवरच्या चाकाला पुष्कळदा ६० दातांची जागा असते आणि त्यातले दोन मुद्दाम गाळलेले असतात, म्हणजे फेरी कुठून सुरू झाली ते कळतं. मिनिटाला ६,००० फेऱ्यांना एक दात १६७ मायक्रोसेकंदांत जातो. ५० मायक्रोसेकंद उशीर म्हणजे जवळजवळ २ अंशांची चूक, आणि ठिणगीसाठी ही चूक फार मोठी. १ एप्रिल २०२०ला भारत स्टेज-६ लागू झालं आणि आकुर्डी-चाकण पट्ट्यातल्या पुष्कळ दुचाकींवरही कार्ब्युरेटर जाऊन इंधन इंजेक्शन आलं. हा हिशोब तेव्हापासून साध्या मोटारसायकलच्या सीटखालीही चालू आहे.

सॉफ्टवेअरच्या बाजूने पहिली शहाणी सुधारणा म्हणजे सगळे इंटरप्ट बंद न करणं. ४९९च्या गोंधळाचा संबंध फक्त त्या एका सेन्सरच्या हँडलरशी आहे, मग बाकीच्यांना का अडवायचं? मोटारींच्या संगणकांसाठी ओसेक आणि त्यानंतर २००३पासून ऑटोसार ही मानकं आली, त्यांत हे नीट बांधलेलं आहे. प्रत्येक सामायिक माहितीला एक ‘छत’ असतं: तिला हात लावणाऱ्यांपैकी सर्वांत वरच्या प्राधान्याइतकं. लॉक घेणाऱ्याचं प्राधान्य तेवढ्यापुरतं त्या छतापर्यंत चढतं. छताखालचे इंटरप्ट थांबतात, वरचे येत राहतात. या छताच्या कल्पनेचा गणिती पाया लुई शा, रागुनाथन राजकुमार आणि जॉन लेहोत्स्की यांच्या १९९०च्या शोधनिबंधात आहे. हिंजवडीतल्या केपीआयटीसारख्या कंपन्या ऑटोसारवर वर्षानुवर्षं काम करताहेत. पिंपरी-चिंचवडमधल्या एखाद्या अभियंत्याला ‘रिसोर्स घे’ आणि ‘रिसोर्स सोड’ या दोन ओळी लिहिताना त्यामागचं गणित आठवायची गरज पडत नाही, ही त्या मानकाची मोठीच कमाई आहे.

आणखी एक उपाय मला सर्वांत देखणा वाटतो, कारण त्यात इंटरप्ट बंदच करावे लागत नाहीत. वरचा तुकडा वाचा, खालचा वाचा, मग वरचा पुन्हा वाचा. वरचा बदलला असेल, तर सगळं टाकून पुन्हा वाचा. म्हणजे आधी ४, मग ००, मग ५. जुळलं नाही, म्हणून परत. लिनक्समध्ये याचंच सर्वसाधारण रूप सीक्वेन्स काउंटर म्हणून आहे: लिहिणारा लिहिण्याआधी आणि नंतर एक आकडा वाढवतो, वाचणारा आधी आणि नंतर तो तपासतो. तुमच्या फोनवरचं ॲप ‘आत्ता किती वाजले’ विचारतं तेव्हा उत्तर याच मार्गाने येतं, कुणालाही न अडवता. मर्यादा एवढीच, की लिहिणारे जास्त आणि वाचणारे कमी असतील तर वाचणाऱ्याला फेऱ्यांवर फेऱ्या माराव्या लागतात.

इथपर्यंत प्रोसेसर एकच होता. एका चिपमध्ये अनेक कोर, म्हणजे अनेक प्रोसेसर, आले आणि इंटरप्ट बंद करण्याचा जुना भरवसा अपुरा पडला, कारण ती सूचना फक्त आपल्या कोरपुरती चालते. शेजारचा कोर त्याच माहितीवर खुशाल लिहू शकतो. म्हणून स्पिनलॉक आलं: लॉक मोकळं होईपर्यंत कोर जागच्या जागी फिरत, तपासत राहतो. पण नुसतं स्पिनलॉक घेऊन भागत नाही. एका कोरवरच्या कोडने लॉक घेतलं आणि तेवढ्यात त्याच कोरवर इंटरप्ट आला. हँडलरलाही तेच लॉक हवं. तो फिरत बसतो. लॉक सोडणारा कोड मात्र त्याच्याच खाली अर्धवट थांबलेला, आणि हँडलर संपल्याशिवाय तो हलणार नाही. आतल्या माणसाच्या छातीवर बसून ‘दार उघड’ म्हणण्यासारखं हे आहे. तो कोर तिथेच संपला.

त्यामुळे हँडलरशी वाटून घेतलेल्या माहितीसाठी दोन्ही करावं लागतं: आपल्या कोरचे इंटरप्ट बंद आणि वर स्पिनलॉक. लिनक्समध्ये याची दोन रूपं आहेत. एक सरळ इंटरप्ट बंद करतं आणि शेवटी चालू करतं. दुसरं आधीची स्थिती जपून ठेवतं आणि शेवटी तीच परत आणतं. दुसऱ्याची गरज का, तर आपल्याला बोलावणाऱ्यानेच आधी इंटरप्ट बंद केलेले असू शकतात. आपण बाहेर पडताना ते बेधडक चालू केले, तर त्याचं कुंपण आपण मोडलं. पण जपून ठेवणं आणि परत आणणं याला जास्त वेळ लागतो. पेंटियम-४सारख्या प्रोसेसरवर तो चांगलाच जाणवायचा. म्हणून जाणकार लोक जिथे खात्री असेल तिथे साधं रूप वापरतात. ही बचत मला धोक्याची वाटते. खात्री आज असते. उद्या कुणीतरी तेच फंक्शन नव्या ठिकाणाहून बोलावतं. २००६मध्ये इंगो मोल्नार यांनी लिनक्समध्ये लॉकडेप आणलं, ते याच भीतीपोटी. कुठलं लॉक हँडलरमध्ये घेतलं जातं आणि कुठलं इंटरप्ट चालू असताना, याची ते नोंद ठेवतं, आणि हे दोन्ही एकाच लॉकबाबत दिसलं की कोर अडकायच्या आधीच ओरडतं.

आता सगळ्यात रंजक भाग. लॉक दुसऱ्या कोरकडे आहे आणि आपण वाट पाहतोय. हातात अजून काहीच आलेलं नाही. मग वाट पाहण्याचा सगळा काळ इंटरप्ट बंद कशासाठी? जुन्या लिनक्समध्ये हाच विचार होता. बंद करा, लॉक मागा. नाही मिळालं तर इंटरप्ट परत चालू करा आणि नुसतं बघत राहा. मोकळं दिसलं की पुन्हा बंद करून मागा. वाट पाहतानाचे ठोके, नेटवर्कचे पॅकेट, डिस्कची उत्तरं सगळी वेळेवर घेतली जात. लॉकभोवती गर्दी असलेल्या मोठ्या यंत्रावर याचा खराखुरा फायदा होई.

पण त्या लॉकला रांग नव्हती. मोकळं झालं की ज्याची झडप आधी, त्याचं. मोठ्या यंत्रात मेमरीच्या जवळचे कोर पुन्हापुन्हा जिंकत आणि लांबचे उपाशी राहत. २००८मध्ये लिनक्सच्या २.६.२५ आवृत्तीत निक पिगिन यांनी टिकिट लॉक आणलं: आल्याबरोबर क्रमांक घ्या, आपला क्रमांक लागला की आत जा. न्याय झाला, आणि इंटरप्ट चालू ठेवून थांबण्याची सोय गेली. कारण स्पष्ट आहे. क्रमांक घेऊन थांबलेला कोर हँडलरमध्ये गेला आणि नेमका तेव्हाच त्याचा क्रमांक आला, तर मागची सगळी रांग त्या हँडलरसाठी खोळंबते. आणि हँडलरनेही तेच लॉक मागितलं तर तो पुढचा क्रमांक घेतो, आधीच्या क्रमांकाची वाट बघतो, आणि आधीचा क्रमांक असतो त्याच्याच खाली दबलेल्या कोडचा. पुन्हा तोच कायमचा अडकाव. म्हणून आता संपूर्ण वाट इंटरप्ट बंद ठेवूनच पाहावी लागते. रांगेचा न्याय आणि इंटरप्टची तत्परता ही दोन्ही एका साध्या लॉकमध्ये बसत नाहीत. हे मला कर्नलच्या इतिहासातल्या सर्वांत बोलक्या तडजोडींपैकी एक वाटतं.

२०१५ला लिनक्स ४.२मध्ये रांगेचं लॉक अजून सुधारलं. त्यामागची कल्पना जॉन मेलर-क्रमी आणि मायकल स्कॉट यांची, १९९१ची. प्रत्येक कोर आपापल्या मेमरीच्या खणाकडे बघत थांबतो, त्यामुळे एकाच जागेवर सगळ्यांची झुंबड उडत नाही. त्यात प्रत्येक कोरला चार खण दिलेले आहेत. चारच का, तर एका कोरवर एकावर एक चढू शकणाऱ्या पायऱ्या चारच: साधं काम, सॉफ्ट-इंटरप्ट (हँडलरने मागे ठेवलेलं काम), हार्डवेअर इंटरप्ट, आणि जो कधीच बंद करता येत नाही तो इंटरप्ट.

दुसऱ्या दिशेची सुधारणा १९९३मधली. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या डॅनिएल स्टोडोल्स्की, ब्रॅडली चेन आणि ब्रायन बर्शाड यांनी एक साधं निरीक्षण मांडलं. कर्नल नाजूक कामासाठी इंटरप्ट सारखे बंद-चालू करतो, पण त्या चिमुकल्या काळात खरोखर इंटरप्ट क्वचितच येतो. तेव्हाच्या पीसीवर ठरावीक इंटरप्ट रोखायचे किंवा सोडायचे तर संथ जोडणीवरून वेगळ्या चिपशी बोलावं लागे. मग हार्डवेअरला हात लावूच नका. मेमरीत फक्त ‘मी कामात आहे’ असा झेंडा उभारा. इंटरप्ट आलाच, तर हँडलरने झेंडा बघायचा, नोंद करून ठेवायची, तेव्हा मात्र हार्डवेअरमध्ये इंटरप्ट खरोखर बंद करायचे आणि परतायचं. नाजूक काम संपलं की नोंद बघून राहिलेला इंटरप्ट चालवायचा. आयबीएमच्या पॉवर प्रोसेसरवरचा ६४-बिट लिनक्स आजही असंच करतो.

सर्व्हरसाठी हे उत्तम. बसच्या ब्रेकला मात्र यातून काहीच मिळत नाही. वाईट वेळी आलेला इंटरप्ट इथेही नाजूक काम संपेपर्यंत थांबतोच. वर नोंद करण्याचा आणि नंतर तो पुन्हा चालवण्याचा वेळ त्याच्याच माथी. सरासरी घटली, कमाल वाढली. सुधारणा कुणासाठी हे आधी न विचारता ‘कर्नल किती जलद झाला’ एवढंच सांगणारे आकडे म्हणूनच अर्धवट असतात.

याच्या नेमका उलटा रस्ता प्रीएम्प्ट-आरटी या लिनक्सच्या रूपाचा. तिथे लिनक्समधली बहुतेक स्पिनलॉक ‘झोपू शकणारी’ लॉक होतात आणि इंटरप्टचे हँडलर साध्या थ्रेडसारखे, म्हणजे इतर कामांसारखेच, चालतात. लॉक हातात असताना इंटरप्ट बंद नसतात. अधिक महत्त्वाचं काम आलं तर लॉकवाल्यालाही बाजूला सारता येतं. त्यात एक मेख आहे. खालच्या प्राधान्याचा लॉकवाला मध्येच अडला तर वरचं प्राधान्य असलेलं काम ताटकळतं. १९९७मध्ये मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान अशाच कारणाने पुन्हापुन्हा रीसेट होत होतं. त्यावर उतारा म्हणजे वाट पाहणाऱ्याचं प्राधान्य तेवढ्यापुरतं लॉकवाल्याला देणं. पाथफाइंडरही पृथ्वीवरून ती सोय चालू करूनच दुरुस्त झालं. प्रीएम्प्ट-आरटीत ही व्यवस्था मुळातच आहे. याचं काम २००४च्या सुमारास सुरू झालं आणि मूळ लिनक्समध्ये ते पूर्णपणे आलं सप्टेंबर २०२४मध्ये, ६.१२ आवृत्तीसाठी. थॉमस ग्लाइक्सनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांची वीस वर्षं त्यात गेली. यात सरासरी थोडी बिघडते, कारण प्रत्येक लॉकला जास्त हिशोब ठेवावा लागतो. बदल्यात जास्तीत जास्त उशीर किती, हे बेताचं आणि भरवशाचं राहतं. मोटारीच्या संगणकासाठी हा सौदा मला रास्तच वाटतो.

लॉकच नको, असाही मार्ग आहे आणि तो पुण्यात चालून दाखवलेला आहे. सी-डॅकचा परम-८००० हा १९९१चा महासंगणक ट्रान्सप्युटर नावाच्या प्रोसेसरांवर बांधला होता. प्रत्येक ट्रान्सप्युटरची मेमरी स्वतःची. एकमेकांशी बोलायचं तर संदेश पाठवायचा. दोन प्रोसेसरांत सामायिक मेमरीच नाही, तर त्यांच्यात तिच्यासाठी भांडणही नाही. बाहेरून येणारा इशाराही त्यात एखाद्या संदेशासारखाच यायचा. आजच्या मोटारीत ब्रेकचा, इंजिनाचा आणि डॅशबोर्डचा संगणक वेगवेगळे ठेवून ‘कॅन बस’ नावाच्या तारांवरून निरोप पाठवतात, ते पुष्कळसं याच वळणाचं.

ही वाटणी आता बदलते आहे. तारांचं वजन आणि खर्च कमी करायला डॅशबोर्ड, कॅमेरे आणि गाडीचं नियंत्रण एकाच मोठ्या चिपवर आणण्याकडे वाहन उद्योगाचा कल आहे. म्हणजे नकाशा रंगवणारा लिनक्स आणि चाकांचे ठोके मोजणारा कोड पुन्हा एकाच मेमरीचे शेजारी होणार. मग ठोके मोजण्यासाठी एक कोर राखून ठेवायचा, बाकी सगळे इंटरप्ट दुसऱ्या कोरकडे वळवायचे, आणि कर्नलमधली इंटरप्ट बंद राहण्याची सर्वांत लांब जागा शोधून काढायची. लिनक्समध्ये त्यासाठी ‘आयआरक्यूज-ऑफ’ नावाचा ट्रेसर आहे. तो सरासरी सांगत नाही. इंटरप्ट सर्वांत जास्त वेळ बंद राहिले तो एकच प्रसंग तो धरून ठेवतो, कुठल्या फंक्शनपासून कुठल्या फंक्शनपर्यंत ते दाखवतो, आणि त्याहून लांब प्रसंग सापडेपर्यंत तो सोडत नाही. बऱ्याचदा तिथे सापडतो एखादा लूप, जो लॉक धरून अख्खी यादी शेवटच्या टोकापर्यंत चालत जातो. तो दुरुस्त करायचा तर लॉकमध्ये फक्त यादीच्या टोकाची अदलाबदल करायची, आणि यादीतून चालणं लॉक सोडल्यावर.